उरुग्वेचे चार तारे आणि नदीपलीकडचा शेजारी

निळी_किनार (धागाकर्ता)

उरुग्वेच्या आकाशी जर्सीवर बोधचिन्हाच्या डोक्यावर चार तारे असतात. विश्वचषक त्यांनी दोनदाच जिंकला आहे, १९३० आणि १९५० साली. उरलेले दोन तारे १९२४ आणि १९२८ च्या ऑलिंपिक सुवर्णपदकांचे. या दोन ताऱ्यांवरून वर्षानुवर्षं वाद चालू आहे आणि तो लावून धरण्यात अर्जेंटिनाचे चाहते सर्वांत पुढे असतात. २०२१ मध्ये तर दोन तारे काढून टाका, असं फिफाने जर्सी बनवणाऱ्या कंपनीला सांगितल्याची बातमी आली. उरुग्वेच्या संघटनेने ते मानलं नाही आणि २०२२ ला संघ कतारमध्ये चार तारे लावूनच उतरला.

माझं म्हणणं सांगतो. चारही तारे उरुग्वेच्या हक्काचे आहेत. आणि या गोष्टीची साक्ष द्यायला जगात सर्वांत लायक कोणी असेल, तर ते अर्जेंटिनाचेच चाहते. कारण १९२८ च्या अंतिम सामन्यात समोर तेच होते आणि १९३० च्याही.

आधी पार्श्वभूमी. ब्युनोस आयर्स आणि माँटेव्हिडिओ या दोन राजधान्यांच्या मध्ये रिओ दि ला प्लाता नदीचं प्रचंड मुख आहे. अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास. १९०२ साली माँटेव्हिडिओत अर्जेंटिनाने उरुग्वेला ६-० हरवलं, आणि तेव्हापासून हे दोन देश एकमेकांशी इतके सामने खेळले आहेत की आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये सर्वाधिक वेळा भिडलेल्या जोड्यांमध्ये त्यांचं नाव येतं. ब्राझील या भांडणात बराच नंतर आला. दक्षिण अमेरिकेच्या फुटबॉलमधलं मूळ वैर हे नदीच्या दोन काठांचं आहे.

१९१६ ला पहिली दक्षिण अमेरिकी अजिंक्यपद स्पर्धा, म्हणजे आजची कोपा अमेरिका, ब्युनोस आयर्समध्ये झाली. जिंकला उरुग्वे. पुढच्या वर्षी माँटेव्हिडिओत पुन्हा उरुग्वे. मग १९२४ ला हा संघ पॅरिसला गेला. युरोपात त्यांना कोणी ओळखतही नव्हतं. युगोस्लाव्हियाला ७-०, अमेरिकेला ३-०, यजमान फ्रान्सला ५-१, नेदरलँड्सला २-१ आणि अंतिम सामन्यात स्वित्झर्लंडला ३-०. होसे लेआंद्रो आंद्रादेसारखा मधल्या फळीतला कृष्णवर्णीय खेळाडू युरोपच्या प्रेक्षकांनी पहिल्यांदाच पाहिला आणि पॅरिसमध्ये त्याचं नाव झालं.

चार वर्षांनी अ‍ॅमस्टरडॅम. या वेळी अर्जेंटिनाही होता आणि पूर्ण जोरात होता. अमेरिकेला ११-२, बेल्जियमला ६-३, इजिप्तला ६-०. उरुग्वेचा मार्ग जास्त खडतर होता: यजमान नेदरलँड्स, जर्मनी, इटली. अंतिम सामना १-१ सुटला. तीन दिवसांनी पुन्हा खेळवला आणि उरुग्वेने २-१ जिंकला. अटलांटिक ओलांडून गेलेले दोन शेजारी युरोपच्या मैदानावर जगज्जेतेपदासाठी दोनदा झुंजले.

त्यानंतर १९३०. पहिला विश्वचषक कोणाकडे द्यायचा हा निर्णय फिफाच्या १९२९ च्या बार्सिलोना अधिवेशनात झाला. उरुग्वेच्या बाजूने तीन गोष्टी होत्या: संविधानाची शताब्दी, पाहुण्या संघांचा खर्च उचलायची तयारी आणि दोनदा ऑलिंपिक विजेते असणं. ज्या विजयांच्या जोरावर विश्वचषकाचं यजमानपद मिळालं, तेच विजय आज मोजायचे नाहीत, हे मला पटत नाही.

ज्यांना पटतं त्यांनी बोला. विशेषतः अर्जेंटिनावाल्यांनी.

रोसारिओचा_डावखुरा

आमंत्रण दिलंत म्हणून आलो. लेख चांगला आहे, पण सोयीचा आहे.

पहिली गोष्ट, ऑलिंपिक म्हणजे ऑलिंपिक आणि विश्वचषक म्हणजे विश्वचषक. अर्जेंटिनाने २००४ आणि २००८ अशी लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकली. २००८ ला तर उपांत्य फेरीत ब्राझीलला ३-० हरवून. आम्ही त्यांचे तारे लावले का? ब्राझीलने २०१६ आणि टोकियोचं सुवर्ण जिंकलं, त्यांनी लावले का? जर्सीवरचा तारा जगभर एकाच गोष्टीचा समजला जातो. उरुग्वेने स्वतःपुरता वेगळा अर्थ ठरवायचा आणि बाकीच्यांनी तो निमूट मानायचा, हे कसं चालेल?

दुसरी गोष्ट, तुम्ही १९१६, १७, २४, २८, ३० मोजलंत. १९२७ आणि १९२९ कुठे गेली? १९२७ ला लिमामध्ये आम्ही उरुग्वेला ३-२ हरवून दक्षिण अमेरिकेचे विजेते झालो. १९२९ ला ब्युनोस आयर्समध्ये त्यांना २-० हरवून पुन्हा झालो. म्हणजे १९२८ ची पदकं गळ्यात असलेला ‘जगज्जेता’ संघ त्याच्या आधीच्या वर्षी आणि नंतरच्याही वर्षी आमच्याकडून हरला. त्या काळात नदीच्या कुठल्या काठावर चांगलं फुटबॉल होतं याचं उत्तर तुम्ही दाखवता तितकं एकतर्फी नाही.

आणि १९३० च्या अंतिम सामन्यात आम्ही मध्यंतराला २-१ पुढे होतो, हेही लिहायला हवं होतं.

मधली_फळी

डावखुरा यांच्या पहिल्या मुद्द्याशी सहमत. वाचतेय.

आकडेमोड

तारीखवार बोलू, म्हणजे गोंधळ कमी होईल.

२००४ आणि २००८ ची तुलना १९२४ आणि १९२८ शी होत नाही. १९९२ पासून ऑलिंपिक फुटबॉल तेवीस वर्षांखालील खेळाडूंचं आहे, १९९६ पासून त्यात मोजके मोठे खेळाडू चालतात. तो देशाचा मुख्य संघ नसतो. १९२४ आणि १९२८ ला मुख्य संघच उतरले होते, कारण त्याहून मोठी स्पर्धा अस्तित्वातच नव्हती. फिफाने १९१४ च्या अधिवेशनात असा ठराव केला होता की ऑलिंपिक फुटबॉल फिफाच्या नियमांनी झालं तर ते हौशी खेळाडूंचं जगज्जेतेपद मानलं जाईल. १९२४ आणि २८ ला तसंच झालं. १९३० नंतर विश्वचषक आला आणि ऑलिंपिकचा हा दर्जा संपला. म्हणून १९३६ चा इटली किंवा १९५२ चा हंगेरी हा दावा करत नाही. उरुग्वेचा दावा याच दोन वर्षांपुरता आहे.

‘हौशी’ या शब्दावर अडायचं असेल तर लक्षात घ्या, अर्जेंटिनात उघड व्यावसायिक फुटबॉल १९३१ ला आलं, उरुग्वेत १९३२ ला, ब्राझीलमध्ये १९३३ ला. म्हणजे १९३० चा विश्वचषक जिंकणारेही कागदोपत्री हौशीच होते. नासाझी, आंद्रादे, स्कारोने आणि सेआ हे चौघं १९२४, १९२८ आणि १९३० या तिन्ही विजेत्या संघांत आहेत. माणसं तीच, दर्जा तोच, तरी एका विजयाला तारा आणि दोन विजयांना नाही?

संघांची संख्या बघायची तर १९२४ ला बावीस देश, १९२८ ला सतरा, आणि १९३० च्या विश्वचषकाला तेरा. त्या तेरातले युरोपचे फक्त चार: फ्रान्स, बेल्जियम, रुमानिया, युगोस्लाव्हिया. इंग्लंड नव्हता म्हणून ऑलिंपिक कमी दर्जाचं, असं कोणी म्हणणार असेल तर इंग्लंड १९३०, ३४ आणि ३८ च्या विश्वचषकांतही नव्हता.

डावखुरा यांचा १९२७-२९ चा मुद्दा मात्र बरोबर आहे. त्या दशकात हे दोन संघ तोडीस तोड होते.

पिवळा_दहा

तुमच्या दोघांच्या भांडणात मला एक मोठी गंमत वाटते ती अशी की दोघं मिळूनही आमच्या पाचपर्यंतच पोचता. १९५८, ६२, ७०, ९४, २००२. एकही काळ्या-पांढऱ्या चित्रफितीतून शोधून सिद्ध करावा लागत नाही. ब्राझीलचा चाहता म्हणून मला उरुग्वेच्या ताऱ्यांबद्दल राग नाही. लावू द्यात. छोटा देश आहे, अभिमान आहे.

निळी_किनार

पिवळा_दहा, ‘लावू द्यात, छोटा देश आहे’ हीच वृत्ती मला अर्जेंटिनाच्या विरोधापेक्षा जास्त लागते. हे बक्षीस म्हणून मागितलेले तारे नाहीत. ब्राझीलची लोकसंख्या वीस कोटींवर, अर्जेंटिनाची साडेचार कोटींच्या पुढे, उरुग्वेची पस्तीस लाखांच्या आसपास. आणि २०२४ पर्यंतच्या कोपा अमेरिका बघा: अर्जेंटिना १६, उरुग्वे १५, ब्राझील ९. आपल्या खंडात उरुग्वे तुमच्या बराच पुढे आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात माँटेव्हिडिओत तुम्हाला २-० हरवलं, २०२४ च्या कोपामध्ये उपांत्यपूर्व फेरीत पेनल्टींवर घरी पाठवलं. कौतुकाने पाठीवर थाप मारावी असा तो संघ नाही.

आणि १६ जुलै १९५० तुम्ही विसरलात असं मला वाटत नाही.

पिवळा_दहा

विसरलो नाही. विसरता येत नाही.

माझा शब्द चुकीच्या सुरात गेला असेल तर सोडून द्या, १९५० बद्दल मात्र नीट लिहितो, कारण ते आमच्याही इतिहासाचा भाग आहे. त्या स्पर्धेत अंतिम सामना नव्हताच, चार संघांचा अंतिम गट होता. आम्ही स्वीडनला ७-१ आणि स्पेनला ६-१ हरवलं होतं. उरुग्वेने स्पेनशी २-२ बरोबरी केली होती आणि स्वीडनला कसंबसं ३-२ हरवलं होतं. शेवटच्या सामन्यात आम्हाला फक्त बरोबरी पुरे होती. रिओच्या माराकाना मैदानावर तिकीट काढून आलेले प्रेक्षकच १,७३,८५०, प्रत्यक्षात त्याहून खूप जास्त. सत्तेचाळिसाव्या मिनिटाला फ्रिआसाने गोल केला. तिथून उरुग्वेचा कर्णधार ओब्दुलिओ वारेलाने सामन्याचा वेग मुद्दाम थोपवला, चेंडू काखेत धरून पंचांशी वाद घालत राहिला. प्रेक्षकांचा आवेग ओसरेपर्यंत. मग स्कियाफिनो, आणि एकोणऐंशीव्या मिनिटाला गिगिया.

गोलरक्षक बार्बोसाला त्या एका गोलाची शिक्षा मरेपर्यंत भोगावी लागली. तो २००० साली गेला. पन्नास वर्षं. हा पराभव शेजाऱ्याने केला होता म्हणून जास्त झोंबला का? मला वाटतं हो. २०१४ ला जर्मनीने ७-१ ने धुतलं तेव्हा लाज वाटली, पण ती वेगळी होती. जर्मनी लांब आहे. उरुग्वेला आम्ही रोज बघतो.

सीमारेषा

१९५० चा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगायलाच हवी. ब्राझीलची पिवळी जर्सी त्या पराभवातून जन्मली. १९५० पर्यंत ते पांढऱ्या जर्सीत खेळत. पराभवानंतर पांढरा रंग नकोसा झाला आणि १९५३ ला एका वृत्तपत्राने नव्या गणवेशासाठी स्पर्धा घेतली. अट एकच, झेंड्यातले चारही रंग आले पाहिजेत. जिंकला आल्दिर श्ली नावाचा विशीच्या आतला तरुण. तो जाग्वाराँवचा, म्हणजे थेट उरुग्वेच्या सीमेवरच्या गावचा. नदीवरचा पूल ओलांडला की उरुग्वे. आणि हा माणूस आयुष्यभर उरुग्वेचा पाठीराखा होता!

जगातली सर्वांत ओळखीची फुटबॉल जर्सी शेजाऱ्याच्या चाहत्याने काढली आहे. पुढे तो लेखक झाला आणि सीमेवरच्या माणसांबद्दलच लिहीत राहिला. २०१८ च्या नोव्हेंबरात तो गेला, ब्राझील-उरुग्वे सामन्याच्या आदल्या दिवशी.

मला यातून असं वाटतं की आपण चाहते देशांच्या नकाशावर रेघ मारून दोन बाजू करतो, तशी सीमेवर राहणाऱ्यांची विभागणी होत नाही. तिथे दोन्ही बाजूंचं रेडिओ प्रक्षेपण ऐकू येतं.

जुना_प्रेक्षक

श्लीबद्दल माहीत नव्हतं. धन्यवाद सीमारेषा.

अवांतर : नदीच्या दोन काठांवर कार्लोस गार्देल कोणाचा यावरूनही असंच भांडण आहे. ब्युनोस आयर्सचा आवाज म्हणून तो ओळखला जातो, उरुग्वेवाले त्याचा जन्म ताकुआरेम्बोचा सांगतात, आणि जन्मनोंद फ्रान्सच्या तुलूझची आहे. फुटबॉलपुरतं हे मर्यादित नाही.

रोसारिओचा_डावखुरा

आकडेमोड, १९१४ चा ठराव मला माहीत होता. पण ‘हौशी खेळाडूंचं जगज्जेतेपद’ आणि ‘जगज्जेतेपद’ यात फरक आहे, नाहीतर ठरावात तो शब्द घातला नसता. तुमचं ‘१९३० चे खेळाडूही हौशीच’ हे उत्तर विचार करायला लावणारं आहे, मान्य. त्यावर परत येतो.

आधी १९३० बद्दल. धागाकर्त्यांनी साक्षीचा मुद्दा काढला म्हणून, आमच्या बाजूची साक्ष. ब्युनोस आयर्सहून बोटी भरभरून लोक निघाले होते. धुक्यामुळे कित्येक बोटी वेळेत पोचल्याच नाहीत. बेल्जियमचे पंच लांगेनुस यांनी सामन्यानंतर लगेच निघता यावं म्हणून बोट तयार ठेवायला सांगितली होती. कुठला चेंडू वापरायचा यावर एकमत होईना, म्हणून पहिल्या सत्रात आमचा आणि दुसऱ्यात त्यांचा. पेउसेये आणि स्ताबिले यांच्या गोलांनी आम्ही पुढे गेलो. दुसऱ्या सत्रात सेआ, इरिआर्ते आणि शेवटी कास्त्रो. ४-२. आमच्या मोंतीला धमक्या आल्या होत्या, तो त्या दिवशी नेहमीसारखा खेळलाच नाही. चार वर्षांनी तोच मोंती इटलीकडून विश्वचषक जिंकला, यावरून त्याचा दर्जा कळेल.

ब्युनोस आयर्समध्ये उरुग्वेच्या वकिलातीवर दगडफेक झाली, दोन्ही संघटनांनी संबंध तोडले. ती दगडफेक वाईटच. पण एवढा राग का आला? कारण आमच्या लोकांना खात्री होती की आम्ही जास्त चांगले आहोत. १९२९ नुकतंच होऊन गेलं होतं.

माझा प्रश्न असा : जो देश एका स्पर्धेत जिंकतो आणि दुसरीत हरतो, त्याचे फक्त जिंकलेले दिवस शिवून अंगावर घ्यायचे आणि हरलेले विसरायचे, याला इतिहास म्हणायचं का?

निळी_किनार

तारा हा जिंकलेल्या स्पर्धेचाच असतो, डावखुरा. अर्जेंटिनाच्या जर्सीवरचे तीन तारे १९७८, ८६ आणि २०२२ चे आहेत. १९५८ ला चेकोस्लोव्हाकियाकडून ६-१ खाल्लेत त्याची खूण तिथे नाही, आणि असायचं कारणही नाही. १९३८, ५० आणि ५४ ला तुम्ही खेळायलाच आला नाहीत, तेही जर्सीवर दिसत नाही.

हेक्तर कास्त्रोबद्दल मात्र दोन ओळी जास्त हव्या होत्या. लहानपणी करवतीच्या अपघातात त्याचा एक हात गेला होता. विश्वचषकाच्या पहिल्या अंतिम सामन्यातला शेवटचा गोल एका हाताच्या माणसाचा आहे. आणि सेंतेनारिओचं ते मैदान आजही आहे. तिथल्या प्रेक्षागृहांची नावं ओलिंपिका, अमेरिका, कोलोंब आणि अ‍ॅमस्टरडॅम. कोलोंब म्हणजे पॅरिसजवळचं ते मैदान जिथे १९२४ चा अंतिम सामना झाला. १९३० साली, त्या विश्वचषकासाठी मैदान बांधलं तेव्हाच, माँटेव्हिडिओच्या लोकांनी आपले विजय त्या इमारतीतच कोरून ठेवले होते. तारे नंतर आले. दावा तेव्हाचाच आहे.

मधली_फळी

प्रेक्षागृहांच्या नावांमुळे माझं मत बदललं. डावखुरा यांच्याशी सहमती लिहिली होती ती मागे घेते. नंतर कोणीतरी जुनी पदकं उकरून काढली असा माझा समज होता.

एक विचारू का? ब्राझील आणि अर्जेंटिनाच्या चाहत्यांमध्ये असा मोजणीचा वाद आहे का? की तिथे सरळ पाच विरुद्ध तीन?

पिवळा_दहा

आहे की! आणि तो जास्त कडू आहे.

१९७८ घ्या. दुसऱ्या गटफेरीत आम्ही आणि अर्जेंटिना ०-० बरोबरीत सुटलो. शेवटच्या दिवशी आमचा पोलंडशी सामना आधी झाला, ३-१ जिंकलो. त्यामुळे अर्जेंटिनाला पेरूविरुद्ध नेमके किती गोल हवेत हे मैदानात उतरण्याआधी कळलं. चार गोलांचा फरक हवा होता. ६-० जिंकले. देशात लष्करी राजवट, पेरूचा गोलरक्षक किरोगा रोसारिओत जन्मलेला, आणि सामनाही रोसारिओतच. पेरू मुद्दाम हरल्याच्या संशयाला पुरावा मिळालेला नाही हे मी मान्य करतो. पण ब्राझील त्या स्पर्धेत एकही सामना न हरता तिसरा आला आणि आमचे प्रशिक्षक कुतिन्यो यांनी आपल्या संघाला नैतिक विजेते म्हटलं. आमच्याकडच्या जुन्या लोकांच्या मते अर्जेंटिनाचे तारे दोनच.

१९९० ला तुरिनमध्ये आम्ही पूर्ण सामना त्यांना दाबून ठेवलं, चेंडू खांबांना लागत राहिला, आणि मॅराडोनाच्या एका पासवर कॅनिजियाने गोल केला. १-०. आमच्या ब्रँकोने त्यांच्याकडचं पाणी प्यायल्यावर गुंगी आल्याचा आरोप केला, तो वाद अजून शमलेला नाही. २०१४ ला अर्जेंटिनाचे हजारो लोक आमच्या देशात आले आणि चोवीस वर्षांपूर्वीच्या त्या गोलाचं गाणं महिनाभर कोपाकबानाच्या किनाऱ्यावर गात बसले. आम्ही ७-१ हरलो त्यानंतर तर त्यांचा आवाज आणखी चढला. म्हणून अंतिम सामन्यात ब्राझीलचे लोक जर्मनीच्या बाजूने ओरडले. ज्यांनी पाच दिवसांपूर्वी सात गोल मारले त्यांच्या बाजूने! माराकानावर अर्जेंटिनाने चषक उचलणं आम्हाला सहन झालं नसतं.

रोसारिओचा_डावखुरा

आणि २०२१ ला त्याच माराकानावर दि मारियाच्या गोलने १-० जिंकून आम्ही कोपा उचलला. १९९३ नंतरचं पहिलं मोठं विजेतेपद. मधल्या अठ्ठावीस वर्षांत ब्राझीलने कोपा पाच वेळा जिंकला, त्यातले २००४ आणि २००७ चे अंतिम सामने आमच्याच विरुद्ध. २००४ ला शेवटच्या क्षणी आद्रियानोने बरोबरी केली आणि पेनल्टींवर गेलं. या धाग्यावर फक्त विजेत्यांच्या व्यथा चालल्या आहेत. आमची एक अख्खी पिढी मुख्य संघाचा एकही चषक न बघता मोठी झाली.

१९७८ बद्दल : पुराव्याशिवाय एका पिढीच्या खेळाडूंची मेहनत पुसून टाकू नका. केम्पेसने अंतिम सामन्यात नेदरलँड्सविरुद्ध केलेले दोन गोल कोणी दिले नव्हते. लष्कराने त्या विजयाचा वापर केला हे खरं आणि ते आमच्याकडचे लोकही दुःखाने बोलतात. खेळणाऱ्या मुलांचा त्यात दोष नाही.

आकडेमोड

२०२१ च्या त्या अंतिम सामन्याआधी एक वेगळी गोष्ट घडली होती. मेस्सीला एकदा तरी चषक मिळावा म्हणून ब्राझीलमधले काही लोक उघडपणे अर्जेंटिनाच्या बाजूने बोलत होते आणि नेमारने त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. शेजाऱ्याच्या खेळाडूवर प्रेम करायला चाहत्याला मुभा आहे की नाही, हा त्यांच्याकडे खराखुरा भांडणाचा विषय झाला.

दोन वर्षांनी, नोव्हेंबर २०२३ ला, त्याच मैदानावर दोन्हीकडच्या प्रेक्षकांमध्ये मारामारी झाली, पोलिसांनी लाठ्या चालवल्या, अर्जेंटिनाचा संघ आत निघून गेला आणि सामना सुमारे अर्धा तास उशिरा सुरू झाला. ओटामेंडीच्या गोलने अर्जेंटिना जिंकला. विश्वचषक पात्रतेत ब्राझील घरच्या मैदानावर पहिल्यांदा हरला. त्याच आठवड्यात उरुग्वे ब्युनोस आयर्समध्ये जाऊन अर्जेंटिनाला २-० हरवून आला होता. अर्जेंटिनाचा कतारनंतरचा तो पहिला पराभव.

दुसरा_हाफ

सगळी चर्चा पुरुषांच्या संघांची चालली आहे म्हणून लिहिते. महिलांची कोपा अमेरिका २०२५ पर्यंत दहा वेळा झाली. ब्राझीलने नऊ जिंकल्या, एक २००६ ची अर्जेंटिनाने. उरुग्वेच्या महिला २०२३ पर्यंत एकाही विश्वचषकाला पात्र ठरलेल्या नाहीत. ब्राझीलने २००७ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना गाठला, ऑलिंपिक रौप्य तीनदा मिळवलं, आणि २०२७ चा विश्वचषक त्यांच्याकडे आहे.

पस्तीस लाखांच्या देशाने जग जिंकलं हे वाक्य मला आवडतं, पण ते अर्ध्याच देशाबद्दल खरं आहे. उरुग्वेच्या चाहत्यांनी जितकी ताकद १९२४ च्या ताऱ्यामागे लावली, त्यातली थोडी महिलांच्या लीगमागे लागावी असं मला मनापासून वाटतं.

निळी_किनार

दुसरा_हाफ, पूर्ण अनुमोदन. यावर तुम्ही स्वतंत्र धागा काढा, मी लिहीन.

डावखुरा, तुम्ही ‘परत येतो’ म्हणाला होतात. १९२८ बद्दल ऐकायचंय.

रोसारिओचा_डावखुरा

आलो. वर सगळं पुन्हा वाचलं.

१९२८ मी मान्य करतो. आमचा पूर्ण ताकदीचा संघ होता, दोन सामने झाले, आम्ही हरलो. त्या दिवशी जगात त्याहून चांगला सामना खेळला जाणं शक्य नव्हतं. त्याला जगज्जेतेपद म्हणायला माझी हरकत नाही, आणि धागाकर्त्यांचं बरोबर आहे, हरणाऱ्यानेच ते म्हणायला हवं.

१९२४ मात्र नाही. आम्ही पॅरिसला गेलोच नव्हतो. खंडातला तुल्यबळ संघ हजर नसताना मिळवलेल्या विजयावर मी सही करणार नाही. आणि त्याच वर्षी काय झालं तेही लिहा. उरुग्वे परतल्यावर आम्ही सामन्याचं आव्हान दिलं. माँटेव्हिडिओत १-१. ब्युनोस आयर्सचा सामना प्रेक्षक मैदानात शिरल्यामुळे थांबवावा लागला, तो २ ऑक्टोबरला कुंपण घालून पुन्हा खेळवला. त्यात ओन्सारीने कॉर्नरवरून थेट गोल केला. तसा गोल ग्राह्य धरायचा नियम त्याच वर्षी आला होता. आम्ही २-१ पुढे असताना, चार मिनिटं बाकी असताना, उरुग्वेचा संघ मैदान सोडून गेला.

आकडेमोड

गॅलरीतून दगड येत होते म्हणून गेला. ते वाक्य राहिलं.

रोसारिओचा_डावखुरा

दोन्हीकडून फेकाफेक झाली. पण ठीक आहे, दगड आमच्या लोकांनी मारले आणि ते चूक होतं. गोल मात्र गोल होता.

निळी_किनार

१९२८ बद्दल आभार. हे लिहायला मोठं मन लागतं.

१९२४ साठी तुमची अट अशी की अर्जेंटिना समोर असताना जिंकून दाखवायला हवं होतं. २ ऑक्टोबरच्या त्या सामन्यानंतर काही दिवसांतच माँटेव्हिडिओत त्या वर्षीची दक्षिण अमेरिकी अजिंक्यपद स्पर्धा झाली. अर्जेंटिना पूर्ण तयारीनिशी आला होता. उरुग्वेने चिलीला ५-० आणि पॅराग्वेला ३-१ हरवलं. अर्जेंटिनाने चिलीला २-० हरवलं, पॅराग्वेशी ०-० बरोबरी केली. २ नोव्हेंबरला दोघं समोरासमोर आले, अर्जेंटिनाला विजय हवाच होता, आणि सामना ०-० सुटला. उरुग्वे पाच गुण, अर्जेंटिना चार. चषक उरुग्वेकडे.

पॅरिसच्या सुवर्णपदकाला पाच महिनेही झाले नव्हते.